शेवटची रिकामी ओळ

रात्रीचे पावणेअकरा. डिचोली बाजार, दुसरा मजला.
पंखा, मी, आणि खाली उभ्या टेम्पोतून
खिडकीपर्यंत चढलेला बोंडूंचा आंबूस वास.
सकाळी सातला संस्थेचा काटा उघडेल,
मये, नार्वे, कुडण्याहून काजूची पोती येतील,
तोवर नवा दर पडद्यावर दिसायला हवा.
कळ दाबली की पुढचं सगळं आपोआप,
असं मीच सांगितलं होतं चेअरमनना.
पाणाड्याकडे पाहावं
तसं पाहिलं होतं त्यांनी माझ्याकडे.

चाचण्या हिरव्या. बांधणी हिरवी.
आणि सर्व्हरच्या उंबरठ्यावर लाल :
परवानगी नाही.

सातव्यांदा तेच.
लिफ्ट येत नाही म्हणून
बटण पुन्हापुन्हा दाबणाऱ्यांना मी हसते एरवी.

लॉग वाचला वरून खाली, मग खालून वर.
सर्व्हर सिंगापूरला आहे. मी सिंगापूर पाहिलेलं नाही,
पण तिथल्या त्या एका यंत्राची डिस्क किती भरलीय
ते मला तोंडपाठ : एकसष्ट टक्के.
पोर्ट उघडं. फायरवॉलचा काही राग नाही.
माझ्या लॅपटॉपवरून मी स्वतः गेले तर
दार लगेच उघडतं, ये म्हणतं.
मी धाडलेल्या गड्याला तेवढं ओळखत नाही.

आत फोल्डरचं नाव अजून कायतान.
कायतान द मेलो. ही सगळी मांडामांड त्याची.
तीन वर्षांमागे पोर्तुगालच्या पासपोर्टवर स्विंडनला गेला,
तिथं गोदामात रात्रपाळी करतो.
त्याच्या थिवीच्या घराची किल्ली शेजारच्या आंतोनेताकडे,
सर्व्हरची अजून त्याच्याच खिशात होती.
गेल्या सोमवारी मी ती रद्द केली.
नियमच आहे तसा, गेलेल्या माणसाची किल्ली ठेवू नये.
गड्यासाठी नवी घडवली.
हात थबकला नाही म्हटलं तर खोटं होईल.

एक वाजता त्यालाच मेसेज केला.
लाज वाटली, पण केला.
"कितें जालें?"
आणि मी सगळं पाठवल्यावर :
"की पेस्ट कशी केली?"
कशी म्हणजे? फाईल उघडली,
पहिल्या आडव्या रेघांपासून शेवटच्या आडव्या रेघांपर्यंत
उचलली, ठेवली. अक्षर इकडचं तिकडे नाही.
"निमाणें एंटर मारलां?"

शेवटी एक रिकामी ओळ लागते.
काहीच नसलेली.
माझी नीटनेटकी बोटं तिला मागे सोडून आली होती,
आणि दोन तास मी
लिहिलेल्यातच चूक शोधत बसले होते.

एंटर. जतन. कळ.
एक वाजून चोवीस मिनिटांनी हिरवं.
पान उघडलं. दर कालचाच.
मोठ्यानं हसले एकटीच,
खालचं कुत्रं उठून बसलं.
नवा माल पोचला होता, पण सेवा पुन्हा सुरू करणारी ओळ
अजून कायतानच्या खात्यावर विसंबून.
हातानंच सुरू केली. ओळ उद्या बदलीन.
त्याला अंगठा पाठवला, त्यानं बघितला नाही,
पाळीवर गेला असेल.

सात वाजून दहा मिनिटांनी काट्यावरून शांबा गावस :
"दर दिसता गो. पूण आकडे बारीक,
म्हाताऱ्यांक वाचूंक जायनात."

तीन तासांची झोप डोळ्यांत घेऊन
आकडे मोठे केले, कळ दाबली
आणि खुर्चीच्या कडेला बसून राहिले,
पाय जमिनीला टेकवून,
उठावं लागलं तर.